न फुटलेल्या अंड्यांचा पंचनामा

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या औंढा नागनाथच्या बाजूस घरीं कोंबड्या पाळणाऱ्या पुष्कळ कुटुंबांनीं अंडीं उबविण्याची पेटी घेतली आहे. कोणी थर्माकोलच्या खोक्यांत दोन दिवे बसवून ती घरींच तयार केली, कोणी जिल्ह्याच्या गांवाहून तयार यंत्र आणलें. खुडूक कोंबडीची वाट पाहत बसावें लागत नाहीं, एका वेळीं दहा-बारांऐवजीं चाळीस-पन्नास अंडीं बसवितां येतात, आणि कोंबडी पिलांमागें अडकून न पडतां लवकर पुन्हां अंड्यांवर येते. हे पेटीचे फायदे उघड आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र फायद्याचा नसून तोट्याचा आहे. एकवीस दिवस वाट पाहून चाळिसांपैकीं सात-आठच पिलें निघालीं व बाकीचीं अंडीं तशींच राहिलीं, तर त्यांचें काय करावें? माझ्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक घरीं तीं उकिरड्यावर फेकून देतात आणि दोष कोणाच्या तरी माथीं मारितात. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, न फुटलेलें अंडें फोडून पाहिल्यावांचून फेकूं नये, व फोडून पाहिल्यावांचून कोणासही दोष देऊं नये.

दोष देण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. आभाळ गडगडलें, जमिनींतून आवाज आला, घरांतील विटाळशीची सावली पडली, शेजारणीची नजर लागली, अंडीं विकणाऱ्यानें शिळीं दिलीं, यंत्र विकणाऱ्यानें फसविलें. यांपैकीं शेवटचीं दोन कारणें कधीं कधीं खरीं असतात. पहिलीं चार खरीं नसतात. परंतु त्यांतील दोन बाईमाणसावर येऊन पडतात आणि तिला होणारा त्रास खराच असतो.

मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यांत मोठी गारपीट झाली, तेव्हां पंचनाम्यांचे गठ्ठे माझ्या टेबलावरून गेले. त्या कागदांनीं मला एक गोष्ट शिकविली. ‘सर्व पीक गेलें’ एवढेंच लिहिलेला पंचनामा कोणाच्याच उपयोगाचा नसतो. कोणत्या गटांतील, कोणतें पीक, किती क्षेत्रावर, कोणत्या अवस्थेंत असतां, कशानें गेलें, हें लिहिलें तरच पुढें कांहीं करतां येतें. अंड्यांचेंही तसेंच आहे. किती अंडीं कोरीं निघालीं, किती पिलें आरंभीं मेलीं, किती मध्यें, किती शेवटीं, आणि किती कवचास टोंचा मारून मेलीं, या पांच रकान्यांत आकडे भरले म्हणजे दोष कोठें आहे तें बहुधा आपोआप दिसूं लागतें.

याचें एक उदाहरण शेजारचेंच आहे. श्रावण अर्धा झाल्यावर एका घरीं पंचवीस अंडीं पेटींत बसविलीं. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला, चोविसावाही गेला. एकही अंडें फुटलें नाहीं. घरची सून अंडीं बसविल्याच्या दुसऱ्याच दिवशीं बाजूस बसली होती, आणि पेटी जाण्यायेण्याच्या खोलींत असल्यामुळें तिला त्या खोलींतून जावें लागलें होतें. सासूबाईंनीं निकाल देऊन टाकला. ‘भाऊ, सावली पडल्यावर दुसरं काय व्हनार? मी आधीच म्हनलं होतं तिला, तिकडं फिरकू नको म्हनून.’ सून कांहीं बोलली नाहीं. ती पेटी तिच्याच बचत गटाच्या कर्जांतून आली होती, हेंही कोणी बोललें नाहीं.

मीं म्हटलें, ‘मावशी, टाकायचीच आहेत तर आधी मला फोडून पाहूं द्या.’ अंगणांत एका जुन्या थाळींत एकेक करून पंचवीसही अंडीं फोडलीं. कोणत्याच अंड्यांत पिलाचा मागमूस नव्हता. रक्ताची एक रेघसुद्धां कोठें दिसली नाहीं. तेव्हां मीं विचारलें, ‘मावशी, कोंबडा कुठं आहे?’ कोंबडा आखाडाच्या आरंभींच पाहुण्यांसाठीं कापला होता, आणि त्यानंतर महिन्यानें जमविलेलीं अंडीं पेटींत गेलीं होतीं. कोंबडा गेल्यावर कोंबडी साधारण दोन आठवडे, फार तर तीन आठवडे सफल अंडीं देऊं शकते. पुढें ती जीं अंडीं देते तीं खाण्यास उत्तम, परंतु उबविण्यास निरुपयोगी. मावशी कांहीं वेळ गप्प राहिल्या, आणि मग सुनेला म्हणाल्या, ‘चहा टाक गं भाऊला.’ आमच्याकडे सासू याहून अधिक माफी मागत नाहीं. परंतु त्या दिवसापासून पेटी सुनेच्या ताब्यांत आहे, आणि ती चारही दिवस तिची देखरेख करिते.

आतां पंचनामा कसा करावा तें सांगतों. तो अंगणांत किंवा शेतांत करावा, घरांत करूं नये. कुजलेल्या अंड्यांत वायु सांठलेला असतो व तें फुटून अंगावर उडतें. अंडें बोथट टोंकाकडून फोडावें, कारण हवेची पोकळी त्या बाजूस असते. पाहून झाल्यावर सर्व कांहीं खड्ड्यांत पुरावें व हात साबणानें धुवावे. प्रत्येक अंड्यावर तें घातल्याची तारीख व कोंबडीची खूण शिसपेन्सिलीनें आधींच लिहिलेली असावी. ही एवढी लेखणी प्रत्येक घरीं मुलांच्या दप्तरांत असते.

पहिला रकाना कोऱ्या अंड्यांचा. आंत बलक स्वच्छ, रक्त नाहीं, पिलाचा आकार नाहीं. हा रकाना मोठा निघाला तर पेटीकडे न पाहतां प्रथम खुराड्याकडे पाहावें. आठ-दहा कोंबड्यांस एक धडधाकट कोंबडा पाहिजे. तो म्हातारा, फार लठ्ठ किंवा आजारी असेल, अथवा कडक उन्हाळ्यानें थकलेला असेल, तर अंडीं कोरीं राहतात. दुकानांतून पांढरीं अंडीं आणून पेटींत ठेवणारेही मीं पाहिले आहेत. तीं अंडीं देणाऱ्या कोंबड्या पिंजऱ्यांत असतात व त्यांच्याजवळ कोंबडा नसतो. त्यांतून पिलूं निघण्याची आशा बाळगणें म्हणजे डाळ पेरून तुरीची वाट पाहण्यासारखें आहे. शंका असल्यास पेटी भरण्यापूर्वींच त्याच कोंबड्यांचीं तीन-चार ताजीं अंडीं बशींत फोडून पाहावीं. बलकावर एक पांढरा ठिपका दिसतो. तो लहान, भरीव व वेडावांकडा असेल तर अंडें वांझ. वर्तुळासारखा, मधें फिकट व कडेस गोल रेघ असलेला असेल तर तें सफल. अंडीं खाण्यास वाया जात नाहींत आणि एकवीस दिवस वांचतात.

दुसरा रकाना रक्ताच्या कड्याचा. सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत पुठ्ठ्याला भोंक पाडून त्यामागून टॉर्च धरावी. जिवंत अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा व मध्यें काळा ठिपका दिसतो. मेलेल्या अंड्यांत नुसतें रक्ताचें कडें उरलेलें असतें. पिलाच्या आयुष्यांत मरणाच्या दोन मोठ्या घांट्या आहेत; एक तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास, दुसरी अठराव्या ते विसाव्या दिवसांत. पहिल्या घांटींत थोडीं अंडीं जाणारच. परंतु फार गेलीं तर दोष बहुधा पेटीपूर्वींचा असतो. अंडीं शिळीं झालीं, उन्हांत तापलीं, मोटारसायकलीवर हिंदकळत आलीं, किंवा पेटी आरंभींच जास्त तापली, हीं त्याचीं कारणें होत.

यांत आमच्या भागाची विशेष अडचण उन्हाळ्याची आहे. अंडीं सांठविण्यास १५ ते १८ अंशांची थंडी चांगली. आमच्याकडे मे महिन्यांत दुपारीं पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या घरांत तर विचारूंच नये. अशा उष्णतेंत सफल अंड्यांतील जीव पेटीची वाट न पाहतां वाढूं लागतो, रात्रीं थोडें निवलें कीं अडखळतो, पुन्हां दुपारीं वाढूं लागतो, आणि अशा ओढाताणींत दुबळा होऊन पेटींत गेल्यावर दोन-तीन दिवसांत मरतो. बाहेरून पाहणारास अंडें ताजें दिसतें. म्हणून उन्हाळ्यांत अंडीं दिवसांतून तीन-चार वेळां खुराड्यांतून उचलावीं, माठाखालच्या ओल्या वाळूशेजारीं, परंतु ओल न लागतां, टोपलींत बोथट टोंक वर करून ठेवावीं, आणि तीन-चार दिवसांच्या आंत पेटींत घालावीं. इतर ऋतूंतही सात दिवसांपुढें थांबूं नये. माझें स्वतःचें मत विचाराल तर वैशाख व ज्येष्ठाचा पूर्वार्ध पेटी रिकामी ठेवावी हेंच बरें.

तिसरा रकाना मधल्या मरणाचा, म्हणजे आठव्यापासून चौदाव्या-पंधराव्या दिवसापर्यंतचा. हा रकाना सर्वांत लहान असावयास पाहिजे. तो मोठा निघाला तर आईच्या चाऱ्याचा विचार करावा. उघड्यावर हिंडणारी गांवरान कोंबडी किडे, कोंवळें गवत, शेणांतले दाणे असें सर्व खाते व तिच्या अंड्यांत पिलास लागणारीं जीवनसत्त्वें उतरतात. तीच कोंबडी कुंपणांत बंद करून नुसत्या ज्वारीवर ठेविली तर अंडीं घालीत राहते, पण त्यांत पिलास पुरेल इतकी शिदोरी नसते. विशेषतः ब-२ जीवनसत्त्व कमी पडलें तर पिलें मधेंच मरतात, व जीं वांचतात त्यांच्या पायांचीं बोटें आंत वळलेलीं असतात. हिरवा लसूणघास, मेथीची पानें, शेवग्याचा पाला असें कांहीं रोज द्यावें, आणि उबविण्याचीं अंडीं घ्यावयाचीं असतील तर समतोल खाद्यही सुरू करावें.

चौथा रकाना पूर्ण वाढून, पिसें येऊन, कवच न टोंचतां मेलेल्या पिलांचा. येथें दोष पेटीचा व पेटीवाल्याचा, म्हणजे आपला असतो. माझ्या पहिल्या खेपेस तीस अंड्यांतून सातच पिलें निघालीं, तींही बाविसाव्या व तेविसाव्या दिवशीं. उरलेल्या तेविसांपैकीं सात कोरीं, चार रक्ताच्या कड्याचीं, एक मधलें, नऊ पूर्ण वाढलेलीं आणि दोन कुजलेलीं निघालीं. यंत्र विकणाऱ्यास चार शब्द सुनावण्याच्या तयारींत मी होतों. परंतु पिलें उशिरा निघणें व पूर्ण वाढून मरणें या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे उष्णता कमी पडली असा संशय घ्यावा लागतो. माझा उष्णतामापक झांकणाखालीं दिव्याशेजारीं टांगलेला होता व तेथें ३८.५ अंश दाखवीत होता. तोच अंड्यांच्या पातळीवर ठेवून पाहिला तर ३६.५ दिसले. दोन अंशांचा हा फरक एकवीस दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता. तेव्हां सुनावणी माझीच व्हावयास पाहिजे होती.

पंखा असलेल्या पेटींत ३७.५ ते ३७.८ अंश, आणि पंखा नसलेल्या पेटींत अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९ अंश उष्णता असावी. उलट पिलें विसाव्या दिवसाच्या आधींच निघूं लागलीं व अशक्त किंवा पोटाशीं बलक बाहेर राहिलेलीं निघालीं, तर उष्णता जास्त झाली असें समजावें. थंडीपेक्षां जास्त उष्णता अधिक घातक आहे. उष्णतामापक खरा आहे कीं नाहीं हें घरांतील ताप मोजण्याच्या थर्मामीटराशेजारीं कोमट पाण्यांत धरून ताडून पाहतां येतें.

त्याच रकान्यांत आणखी दोन दोष येतात. एक, अंडें न फिरविण्याचा. खुडूक कोंबडी दिवसांतून पुष्कळ वेळां चोंचीनें अंडीं उलटीपालटी करिते. आपण निदान तीन, शक्य तर पांच वेळां, म्हणजे विषम वेळां फिरवावीं, म्हणजे रात्रभर एकाच अंगावर रोज पडून राहत नाहींत. अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस वाटोळें काढलें कीं चुकत नाहीं. अठराव्या दिवसापासून फिरविणें बंद करावें. दुसरा दोष टोंक उलटें ठेवण्याचा. बारीक टोंक वर राहिलें तर पिलाचें डोकें हवेच्या पोकळीकडे न येतां भलत्या बाजूस जातें, व पहिला श्वास घेण्यासच त्यास जागा मिळत नाहीं.

पांचवा रकाना सर्वांत वाईट वाटावयास लावणारा. कवचास टोंचा मारून तेथेंच मेलेल्या पिलांचा. याचें मुख्य कारण ओलाव्याचें गणित चुकणें, आणि दुसरें आपली उतावीळ. पहिल्या अठरा दिवसांत हवेंतील ओलावा शेंकडा ५० ते ५५ व शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७० असावा. मोजण्याचें साधन नसेल तर दहा अंडीं एकत्र तोलावीं. अठरा दिवसांत त्यांचें वजन शेंकडा ११ ते १३ नें घटलें पाहिजे. म्हणजे दहा गांवरान अंडीं ४५० ग्रॅम भरलीं तर अठराव्या दिवशीं तीं सुमारें ३९५ ग्रॅम भरावींत. घट कमी झाली तर पोकळी लहान राहून पिलूं आंतल्या पाण्यांतच गुदमरतें; जास्त झाली तर आंतील पापुद्रा चिकटून तें आंवळलें जातें. आमच्याकडे भर पावसाळ्यांत पहिले अठरा दिवस पेटींत पाणी ठेवण्याची पुष्कळदां गरज पडत नाहीं. हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यांत मात्र पसरट भांडें लागतें. भांड्याची खोली किती यापेक्षां पाण्याचें तोंड किती रुंद यावर ओलावा अवलंबून असतो.

उतावीळ म्हणजे झांकण उघडणें. पहिलें पिलूं चिवचिवलें कीं घरांतील सर्व मुलें पेटीभोंवतीं जमतात, दर दहा मिनिटांनीं झांकण उघडतें, आंतील ओली ऊब निघून जाते, आणि टोंचा मारलेल्या पिलांचा पापुद्रा वाळून कातड्यासारखा होतो. पिलानें टोंचा मारल्यापासून बाहेर पडेपर्यंत बारा ते चोवीस तासही लागतात. त्या अवधींत तें उरलेला बलक पोटांत घेतें व कवचाच्या आंतील रक्तवाहिन्या आटतात. दया येऊन आपण कवच सोललें तर त्या वाहिन्या तुटून पिलूं रक्तबंबाळ होतें. पोटांत बलक असल्यामुळें आधीं निघालेलीं पिलें दोन दिवस उपाशीं राहिलीं तरी मरत नाहींत. म्हणून अठराव्या दिवशीं पाणी भरून झांकण लावावें तें एकविसावा दिवस सरल्यावरच उघडावें. हवेचीं भोंकें मात्र उघडीं ठेवावीं. शेवटच्या आठवड्यांत पिलांस हवा सर्वांत जास्त लागते.

या पांच रकान्यांखेरीज कुजलेलीं अंडीं असतात, त्यांचें कारण एका वाक्यांत सांगतां येतें. मळकीं अंडीं पेटींत घालूं नयेत, व तीं थंड पाण्यानें धुऊनही घालूं नयेत, कारण धुण्यानें वरचा लेप जाऊन कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून घाण आंत शोषली जाते.

आतां गडगडाटाकडे वळतों. आभाळ गडगडलें कीं अंडीं मरतात, म्हणून टोपलींत लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. ही समजूत अगदींच वाऱ्यावर उठलेली नाहीं. गडगडाटाच्या दिवसांत पिलें कमी निघतात हें पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. परंतु त्याच दिवसांत हवा दमट असते, टोपली ओली होते, आणि पेटीवाल्यांच्या घरीं तर दिवे जातात. वीज कडाडली म्हणून अंडीं मरत नाहींत. वीज गेली म्हणून मरतात. खिळ्यानें हा दोष जात नाहीं. वीज गेली तर भोंकें मोकळीं ठेवून पेटीवर गोधडी घालावी, गरम पाण्याच्या बाटल्या आंत ठेवाव्या, आणि तीन-चार तासांत वीज आली तर घाबरून अंडीं फेकूं नयेत. बहुधा पिलें थोडीं उशिरा निघतात, इतकेंच. खुडूक कोंबडीसुद्धां रोज चारापाण्यासाठीं अंड्यांवरून उठतच असते.

जमिनींतील आवाजाचेंही तसेंच. हिंगोली जिल्ह्यांत, विशेषतः वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे गांवाच्या आसपास, जमिनींतून आवाज येण्याचा अनुभव अनेक वर्षांचा आहे, आणि २०२४ सालच्या मार्च व जुलै महिन्यांत जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. १० जुलैच्या सकाळीं धक्का बसला तेव्हां माझ्या पेटींत दहाव्या दिवसाचीं चोवीस अंडीं होतीं. घरांतील भांडीं वाजलीं, आम्ही सर्व बाहेर पळालों. एकविसाव्या दिवशीं त्यांतून एकोणीस पिलें निघालीं. उरलेल्या पांचांपैकीं तीन कोरीं व दोन रक्ताच्या कड्याचीं होतीं, म्हणजे तीं धक्क्याच्या आधींच गेलेलीं होतीं. हा पुरावा एका पेटीचा आहे हें मी जाणतों. परंतु ज्यांच्याकडे याच्या विरुद्ध पुरावा आहे त्यांनीं तोही अंडीं फोडूनच मांडावा.

कोणी म्हणेल, आमच्या आज्यांनीं उष्णतामापक पाहिला नव्हता, तरी कोंबडीखालीं बारांतून दहा पिलें निघत. खरें आहे, कारण उष्णता, ओलावा व फिरविणें हें सर्व कोंबडीच जाणत होती. कोंबडी काढून पेटी आणली म्हणजे तिचें ज्ञान आपणांस घ्यावें लागतें. इजिप्त देशांत मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडीं उबविण्याची विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तेथील कारागीर अंडें डोळ्याच्या पापणीला लावून त्याची ऊब ओळखीत, व हें कसब बापाकडून मुलाकडे जाई. फ्रान्समध्यें रेओम्यूर नांवाच्या शास्त्रज्ञानें उष्णतामापक हातीं घेऊन याच विषयावर प्रयोग केले व १७४९ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पापणीचें कसब एका घराण्यांत राहतें. मोजलेला व लिहिलेला आंकडा कोणाच्याही घरीं जातो. आपल्याजवळ पिढ्यान्‌पिढ्यांची पापणी नाहीं. तेव्हां आंकडा लिहिण्यास तरी कां लाजावें?

दुसरा आक्षेप असा कीं, शेतांत दिवसभर राबणाऱ्या बाईस हे रकाने भरण्यास फुरसत कोठें आहे? मी उलट विचारतों, एकवीस दिवस वाट पाहण्यास तिला फुरसत असते, पन्नास अंड्यांचे पैसे बुडविण्याची ऐपत असते, आणि पुढच्या खेपेस तीच चूक पुन्हां करण्याची ताकद असते काय? अर्ध्या तासाचें हें काम आहे. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणारी मुलगी लिहील. आणि तिलाही त्यांतून जितकें समजेल तितकें पुस्तकांतील चित्रावरून समजणार नाहीं.

आपल्या संघाकडे माझीं तीन मागणीं आहेत. पहिलें, ताडून पाहिलेला एक उष्णतामापक प्रत्येक गांवच्या शाखेंत ठेवावा, म्हणजे सभासदांस आपआपली पेटी तपासतां येईल. दुसरें, वर सांगितलेले पांच रकाने असलेला एक कागद या मासिकाच्या एखाद्या अंकासोबत छापून द्यावा, आणि भरून आलेले कागद वर्षाअखेर एकत्र करून कोणत्या महिन्यांत कोणता रकाना फुगतो हें प्रसिद्ध करावें. तिसरें, सभासदांत उबविण्याच्या अंड्यांची जी देवघेव होते तींत प्रत्येक अंड्यावर घातल्याची तारीख लिहिणें सक्तीचें करावें. म्हणजे विकणाऱ्यावर खोटा आळ येणार नाहीं व घेणाराही फसणार नाहीं. रोगाचा संशय आला तर परभणीचें पशुवैद्यक महाविद्यालय आणि आपल्या जिल्ह्याचें तोंडापूर येथील कृषि विज्ञान केंद्र दूर नाहींत. परंतु तेथें जातांना नुसतें गाऱ्हाणें न नेतां कागद न्यावा.

आमच्या औंढा तालुक्यांत दुधाळा गांवाजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांत अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म फरक मोजतां येणार आहे. ज्या तालुक्यांत इतकें बारीक मोजमाप होणार, त्याच तालुक्यांत दोन अंशांची चूक न मोजतां एखाद्या सुनेच्या सावलीवर खापर फुटावें, हें आपणां सर्वांस कमीपणा आणणारें आहे.

पेटींतून दर खेपेस सर्वच पिलें निघतील असें वचन मी देत नाहीं; तसें कोणाच्याच पेटींतून निघत नाहीं. परंतु पुढच्या खेपेस जीं अंडीं राहतील तीं उकिरड्यावर नेण्यापूर्वीं अंगणांत बसून एकेक फोडा, आणि पांच रकाने भरा. मग दोष द्यावयाचाच असेल तर द्या. तेव्हां तो ज्याचा त्याला मिळेल, आणि बहुतेक वेळां तो आपलाच असल्यामुळें दुरुस्तही करतां येईल.